गडगा घातला, तारा ओढल्या, तरी गुरं पुन्हा रुळावर: अडथळा कुठे फसतो आणि तो कसा दुरुस्त करायचा

भातकापणी झाली, मळे मोकळे झाले, दावी सुटली की कोकण रेल्वेलगतच्या वाड्यांमध्ये दरवर्षी तीच तक्रार सुरू होते. गेल्या साली गडगा, म्हणजे दगडांची कुंपणभिंत, घालून बुजवलेली वाट पुन्हा उघडी, तार लोळलेली आणि कुणाची तरी गाभण गाय गाडीखाली गेलेली. मग दोन दिवस चर्चा होते, वर्गणी निघते, काटे आणून टाकले जातात, आणि शिमग्यापर्यंत पुन्हा पहिले पाढे. रेल्वेची माणसं या प्रकाराला ‘कॅटल रन ओव्हर’ म्हणतात. ज्याचं जनावर जातं त्याच्या घरात दुधाचा आधार तुटतो. शिवाय वेगातल्या गाडीच्या चाकाखाली मोठं जनावर आलं तर डबे घसरू शकतात, म्हणजे गाडीतल्या माणसांच्या जिवाशीच गाठ.

जिथे काहीच अडथळा नाही तिथे काय करायचं हे सगळ्यांना कळतं. हे लिहितो आहे ते अडथळा असूनही गुरं आत जातात अशा जागांसाठी. तिथे बहुतेक वेळा उपाय चुकलेला नसतो, त्याची जागा चुकलेली असते. गुरं काही रूळ बघायला घरातून निघत नाहीत. ती पाण्यावर निघतात, चाऱ्याला निघतात, संध्याकाळी गोठ्याकडे परततात, आणि मध्ये रूळ येतो. त्यांना कुठे जायचं आहे हे न शोधता वाट बंद केली तर ती अडथळ्याच्या कडेकडेने चालत राहतात आणि पहिल्या सैल जागेतून आत शिरतात. म्हणून दुरुस्तीचा क्रम उलटा हवा. आधी जायची सोय, मग बंदी.

आधी खूर आणि शेण वाचा

हातात पहार घेण्याआधी सलग तीन-चार दिवस सकाळी लवकर कुंपणाच्या बाहेरच्या बाजूने चाला. आतून चालू नका. रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरणं हा रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे, आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे जीव तुमचा आहे. ओल असेल तर खूर दिसतील, कोरडं असेल तर शेण बघा. खुरांची टोकं कुठल्या दिशेला आहेत? जातानाची वाट आणि येतानाची वाट एकच आहे का? काटेरी तारेला केस कुठे अडकलेत, खालच्या तारेला की वरच्या? खालच्या तारेला केस म्हणजे वासरं सरपटून जातायत. वरच्या तारेला केस, तार खाली दबलेली आणि खांब रुळाकडे कललेला असेल तर मोठी जनावरं मान घालून पलीकडचं गवत ओढतायत, आणि काही दिवसांत तो खांब जाणार.

मग गुरांचं ठिकाण शोधा. उन्हाळ्यात ते जवळजवळ नेहमी पाणीच असतं. माघ-फाल्गुनात सड्यावरचं, म्हणजे कातळाच्या माळावरचं, गवत करपतं, कातळ तापतो, पऱ्हे आटतात, आणि हिरवा पट्टा उरतो तो रुळालगतच्या गटाराच्या कडेला आणि भरावाच्या उतारावर. मोरीच्या तोंडाशी डबकं असतं. तो हिरवा पट्टा दिसत असताना तीन तारा गुरांना थांबवतील ही अपेक्षाच चुकीची आहे.

दुसरं कारण आपल्याकडे बोललं जात नाही, कारण ते आपल्याच बागांचं आहे. पूर्वी सडा मोकळा होता, गुरं पसरून चरत. आता आंबा-काजूच्या कलमांभोवती चिऱ्याचे गडगे आणि जाळ्या आल्या. प्रत्येकाने आपापली बाग राखली, त्यात गैर काही नाही, पण दोन बागांच्या मध्ये उरलेली पाणंद थेट रेल्वेच्या कुंपणावर जाऊन आपटते. अशा पाणंदीच्या टोकाला कुठलंही कुंपण एक हंगाम टिकत नाही, कारण मागून येणारी गुरं पुढच्यांना ढकलत असतात. कुंपणाला समांतर, बाहेरच्या बाजूने, निदान एक गाय आरामात वळेल एवढी वाट मोकळी ठेवा आणि ती अंडरपासपर्यंत पोचेल असं बघा. बागायतदाराशी बोलून गडगा चार हात मागे घेणं हे नव्या तारेच्या खर्चापेक्षा स्वस्त पडतं. बोलायला अवघड जातं, हे खरं.

भराव संपतो आणि कटिंग सुरू होतं तिथे पहिलं लक्ष द्या

कोकण रेल्वेचा मार्ग सपाट नाही. रोह्यापासून दक्षिणेकडे ठोकूरपर्यंतच्या सुमारे ७४० किलोमीटरमध्ये बोगदे, उंच पूल, खोल कटिंग (डोंगर कापून काढलेली घळ) आणि उंच भराव एकामागोमाग येतात. उंच भरावावर गुरं सहसा चढत नाहीत, खोल कटिंगमध्ये वरून उतरता येत नाही. घात होतो तो या दोहोंच्या मधल्या तुकड्यात, जिथे रूळ आणि आजूबाजूची जमीन एका पातळीवर येतात. तुकडा लहान असतो, पण गुरं तिथून चालत आत जातात आणि मग रुळारुळाने कटिंगमध्ये शिरतात. लांजा-राजापूर पट्ट्यात अशा जागा जागोजाग आहेत. कुडाळ-झारापकडच्या सखल भागात हा तुकडा लांबलचक होतो, म्हणून तिथली गोष्ट निराळी.

तुमच्या हद्दीतले असे सम पातळीचे तुकडे आधी मोजा. सगळीकडे कमजोर कुंपण असण्यापेक्षा या तुकड्यांवर भक्कम गडगा आणि बाकीच्या ठिकाणी साधी काट्यांची वई हे जास्त उपयोगी.

कुंपण कुठल्या उंचीवर घालायचं यातही गफलत होते. भरावाला ते पायथ्याशी हवं, उताराच्या मध्यावर नको. मध्यावर घातलं की खालचं अर्धं गवत बाहेर राहतं, गुरं त्यासाठी चढतात आणि चढलेलं जनावर कुंपणाला छाती लावून उभं राहतं. कटिंगला उलट. तिथे माथ्यावर, कडेपासून मागे हवं. कटिंगच्या माथ्यावर डोंगराचं पाणी अडवून बाजूला नेणारं गटार असतं. कुंपण त्या गटाराच्या बाहेरच्या बाजूला असावं. गटार आणि कडा यांच्यामधल्या पट्ट्यात चरणारं जनावर घसरलं तर थेट रुळावर येतं. बरोबर मातीही घेऊन येतं, आणि पावसाळ्यात कटिंगची माती सुटणं म्हणजे काय हे कोकणात कुणाला सांगायला नको.

कुंपण धड आहे, तरी जनावर आत मेलं

ही सगळ्यात जिवाला लागणारी तक्रार. दोन्ही बाजूंना कुंपण नीट, तरी मधे जनावर गेलं. कारण कुंपण बाहेरून आत येऊ देत नाही तसंच आतून बाहेरही जाऊ देत नाही. एका टोकाला शिरलेली गाय गाडीचा भोंगा ऐकून बिथरते, रुळाच्या मधून पुढे पळत सुटते. दोन्ही बाजूंना कटिंगच्या भिंती, पुढे बोगद्याचं तोंड. ती वळत नाही, कारण पळणारं जनावर मोकळ्या दिशेलाच पळतं आणि मोकळी दिशा एकच असते.

गणित करून बघा. ताशी १२० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला ३३ मीटर कापते. वळणावरच्या कटिंगमध्ये चालकाला ३०० मीटर पुढचं दिसत असेल तर त्याच्या हातात नऊ सेकंद असतात, आणि त्या वेगातली गाडी थांबायला साधारण एक किलोमीटर लागतो. चालकाने काही केलं नाही असं म्हणणाऱ्यांनी हे आकडे मनात धरावेत. त्यात २०२२ साली हा सगळा मार्ग विजेवर आला. डिझेल इंजिनाचा लांबून येणारा धडधडाट गुरांना आणि माणसांनाही कळायचा. विजेची गाडी बरीच जवळ आल्यावर कळते.

यावर उपाय दोन. कटिंगचं तोंड, म्हणजे तो सम पातळीचा तुकडा, अडवलं जाईल असं दोन्ही बाजूंचं कुंपण रुळाच्या दिशेने आत वळवून घेणं. ही ‘पंखाची’ भिंत रुळापासून किती अंतरावर थांबवायची हे रेल्वेच्या मापांनुसारच ठरतं, कारण गाडीच्या आजूबाजूला ठरावीक मोकळी जागा लागतेच. म्हणून हे काम रेल्वेनेच करायचं. तुमचं काम ती जागा दाखवून देण्याचं. दुसरा उपाय बाहेर पडायच्या वाटेचा. लांब कुंपणात मधे मधे असं बेडं ठेवायचं जे आतून ढकललं की उघडतं आणि आपोआप मिटतं, बाहेरून मात्र ढकलता येत नाही. त्याची जागाही सम पातळीवरच हवी. उंच भरावाच्या उतारावर ठेवलेलं बेडं घाबरलेल्या जनावराच्या उपयोगाचं नाही.

फाटकाजवळून आत वळतात

कोकण रेल्वेवर फाटकं कमी आहेत, बहुतेक रस्ते वरून किंवा खालून जातात. पण जिथे फाटक आहे तिथे नेहमीची कहाणी अशी: फाटक उघडं असतं, गुरं रस्त्याने रूळ ओलांडायला लागतात, आणि मधेच डावीकडे-उजवीकडे रुळावर वळतात. फाटकाच्या खांबापासून कुंपणाच्या टोकापर्यंत जी फट असते, तीच दार होते.

जगात यावर जुना उपाय आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना रुळाखाली उथळ खड्डा खणतात आणि त्यावर अंतराअंतराने दांडे, नाहीतर रुळांच्या मधे टोकदार धारेच्या लाकडी पट्ट्या बसवतात. खाली पोकळी दिसते, पाय ठेवायला सपाट जागा नसते, म्हणून गुरं पाऊल टाकत नाहीत. अमेरिकेत कुरणांमधून रेल्वे गेली तेव्हा एकोणिसाव्या शतकात हे सर्रास झालं. ब्रिटनमध्ये १८४५ च्या कायद्यानेच लोहमार्गालगतच्या जमिनीतली गुरं भटकू नयेत म्हणून कुंपण घालण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. आपल्याकडे १९८९ च्या कायद्यातलं कलम १८ सरकारला कुंपण आणि फाटकं बसवायला सांगण्याचा अधिकार देतं, पण लोहमार्ग बहुतांशी उघडाच राहिला.

काही गावांतून खड्ड्यावरची अशी दांड्यांची जाळी बसवून द्या म्हणून मागणी होते. मागणी करा, पण त्यातल्या अडचणी समजून करा. जिथे सिग्नलसाठी दोन रुळांमधून विजेचं सर्किट चालतं तिथे दोन्ही रुळांना टेकणारा लोखंडी दांडा सर्किट जोडून टाकतो, सिग्नल लाल होतो आणि गाडी उभी राहते. म्हणून लाकूड, रबर, सिमेंट किंवा नीट विलग केलेलं लोखंडच चालतं. खडी दाबणारं मशीन येतं तेव्हा हे सगळं उचलून बाजूला ठेवावं लागतं. आणि आपल्या पावसात खड्डा एका मोसमात गाळाने भरतो. गाळ भरला की पोकळी दिसेनाशी होते आणि अडथळा संपतो. वरून सगळं शाबूत दिसतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. कुठे अशी जाळी असेल आणि गुरं त्यावरून चालत जात असतील तर पहिल्यांदा खालचा गाळ काढलाय का ते विचारा.

आणखी एक, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आपली गुरं अंगाने लहान. कोकण कपिला म्हणून जिची नोंद झाली आहे त्या गाईचा खूर घाटावरच्या खिलारापेक्षा बारीक. मोठ्या जनावरांच्या मापाने ठेवलेल्या फटीत आपल्या पाड्याचा पाय अडकू शकतो. रुळावर चालणारं जनावर हाकलता येतं, पाय अडकून बसलेलं हाकलता येत नाही. शेळ्या तर दांड्यांवरून तोल सांभाळत सहज जातात. त्यामुळे फाटकाजवळ आपल्याकडे आधी करायची गोष्ट साधी आहे: कुंपण थेट फाटकाच्या खांबाला आणून भिडवणं आणि गुरं ओलांडताना पुढे एक, मागे एक माणूस असणं.

तार दर महिन्याला एकाच जागी पडते

तिथे गुरांचा दोष नाही, माणसांची वाट आहे. शाळेची, बस थांब्याची, काजूच्या बागेची. एक माणूस तार दाबून आत जातो, दुसरा खांब हलवतो, आणि मोकळ्या झालेल्या फटीतून संध्याकाळी गुरं जातात. अशा जागी कितीही वेळा तार बांधा, ती पडणारच. जवळचा अंडरपास का वापरला जात नाही ते बघा. नव्वद टक्के उत्तर पाण्यात असतं: पावसाळ्यात गुडघाभर पाणी, नंतर चिखल, रात्री अंधार. अंडरपासचं गटार मोकळं करून घ्या, तळाला खडबडीत सिमेंट किंवा चिरे टाकून घ्या, दिवा लावून घ्या. माणसं खालून जायला लागली की तारेचं आयुष्य वाढतं.

गुरांनाही अंडरपास शिकवावा लागतो. अंधार, पाण्याची चकाकी, उन्हासावलीची तिरीप, गुळगुळीत ओला तळ, या सगळ्यांना गाय बुजते. पलीकडचा उजेड दिसत असेल तर तिचं पाऊल उचलतं. सुरुवातीला कळपातली म्हातारी, शांत, गळ्यात घंटा असलेली गाय पुढे घाला आणि पलीकडे पेंढा ठेवा. आठ-दहा दिवस राखणदाराने रोज त्याच वेळी त्याच वाटेने न्यावं. दोन्ही तोंडांना गडगा नरसाळ्यासारखा पसरट ठेवला तर कळप आपसूक आत वळतो. एकदा वाट बसली की गुरं ती सोडत नाहीत. रुळावरची वाटही त्यांनी अशीच धरलेली असते.

तारेला झिणझिण्या येतात, खांब कुजतात

रुळावरची तार २५,००० व्होल्टची आहे. तिला समांतर लांबवर ओढलेल्या कुंपणाच्या तारेत प्रवर्तनाने वीज येऊ शकते, स्पर्श न होताही. कुंपणाला हात लावल्यावर मुंग्या आल्या तर ते मनाचे खेळ नाहीत. गुरं अशा तारेपासून दूर राहतात म्हणून खूश होऊ नका, त्याच तारेला उद्या पोर हात लावेल. रेल्वेला लगेच लेखी कळवा. अशा कुंपणाचे तुकडे पाडावे लागतात आणि प्रत्येक तुकड्याला अर्थिंग द्यावं लागतं. रानडुकरांसाठी झटका मशीन लावत असाल तर त्याची तार रेल्वेच्या खांबाला किंवा कुंपणाला कधीही बांधू नका.

बाकी खारी हवा आणि पाऊस. स्वस्त काटेरी तार खाडीपट्ट्यात भराभर गंजते. जस्ताचा जाड थर असलेली तार घ्या, किंवा तारेचा नादच सोडा. आपल्या जमिनीत, आपल्या हद्दीत, चिऱ्याचा गडगा हाच मला सगळ्यात खात्रीचा वाटतो. त्याला अर्थिंग लागत नाही, तो चोरीला जात नाही, पडला तर त्याच चिऱ्यांनी उभा राहतो. छातीइतका उंच, वर करवंदीच्या किंवा चिल्हारीच्या फांद्या. बाहेरच्या बाजूला दगडांचा ढीग राहू देऊ नका, गुरं त्यावर चढून उडी घेतात. चिरा आणणं शक्य नसेल तिथे पांगारा, भेंड, उंदीरमारीचे जिवंत खुंट पहिल्या पावसात रोवा. ते कुजत नाहीत, फुटतात. मधे घायपात किंवा सागरगोटा. मात्र वळणावर आणि फाटकाजवळ चालकाची नजर अडेल एवढी झाडी वाढू देऊ नका, आणि रेल्वेच्या जमिनीत स्वतःहून काही लावू नका.

मुंबई–अहमदाबाद मार्गासारखं करून द्या, अशी मागणी अलीकडे ऐकू येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये गुजरातेत वंदे भारतला एका दिवशी म्हशी आणि लगेच दुसऱ्या दिवशी गाय आडवी गेली. त्यानंतर पश्चिम रेल्वेने त्या मार्गावर सुमारे ६२२ किलोमीटर लांबीचं पन्हाळीच्या आकाराच्या पोलादी पट्ट्यांचं कुंपण घेतलं. जून २०२३ पासून मुंबई–मडगाव वंदे भारतही धावते, त्यामुळे तुलना होणारच. पण त्या सपाट प्रदेशातलं कुंपण सलग जातं. इथे दर थोड्या अंतरावर बोगदा, कटिंग, पूल. सम पातळीच्या तुकड्यांपुरतं तसं कुंपण मागणं जास्त शहाणपणाचं, आणि ते मंजूर होण्याची शक्यताही जास्त.

स्टेशनाच्या टोकाला

एकेरी मार्गावर समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला गाड्या क्रॉसिंगला थांबतात. थांबलेल्या गाडीतून उरलेलं जेवण, केळीच्या साली, पत्रावळी बाहेर पडतात, आणि गुरांना ती वेळ कळते. फलाटाच्या उतरत्या टोकावरून ती सरळ लूप लाइनवर, म्हणजे थांबणाऱ्या गाडीच्या बाजूच्या रुळावर, येतात. इथे कुंपणाआधी कचरा. स्टेशन मास्तरांना भेटून फलाटाच्या टोकाची सफाई आणि तिथे आडवं बेडं याबद्दल लेखी मागणी द्या. धान्याच्या वॅगन उतरवल्या जातात त्या ठिकाणी सांडलेले दाणे झाडून घ्यायला सांगा.

पावसाळ्याचं वेगळं

लावणी झाली की गुरं राखणीखाली असतात, त्यामुळे त्रास कमी. अपवाद पुराचा. खेड-चिपळूणकडे जगबुडी-वाशिष्ठीचं पाणी चढतं तेव्हा भराव हीच कोरडी जागा उरते, आणि बांधलेलं जनावर दाव्याला बुडतं. पुराचा इशारा आला की दावी सोडा, पण गुरं भरावाकडे नव्हे, उंच सड्याकडे हाका. ही वाट आणि जागा जूनच्या आधी वाडीत ठरलेली असावी. त्या दिवसांत रुळावर गस्त असते. गस्तीच्या ट्रॅकमनला गुरं कुठून शिरतात हे कागदावरच्या नकाशापेक्षा चांगलं माहीत असतं. त्याला थांबवून नव्हे, तर ड्यूटी संपल्यावर चहाला बोलावून विचारा.

धनी नसलेली गुरं

पॉवर टिलर आला आणि बैलाचं काम गेलं. खोंड दावणीला ठेवणं परवडत नाही, मग तो मोकळा सुटतो. या गुरांना गोठा नाही, वेळ नाही, रात्री ती कुठेही बसतात. वरचे सगळे उपाय घरी परतणाऱ्या गुरांसाठी आहेत. यांच्यासाठी कोंडवाडाच लागतो. पुष्कळ ग्रामपंचायतींचा कोंडवाडा नावापुरता उरलाय, भिंती आहेत तर पाणी नाही. त्याचं छप्पर आणि पाण्याची टाकी हा ग्रामसभेतला पहिला ठराव करा. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरच्या बारा आकड्यांवरून मालक सापडतो, म्हणून बिल्ला मारून घ्यायला कुणी टाळत असेल तर त्याचं कारण विचारा. उनाड, कुंपण मोडायची सवय लागलेल्या एखाद्या जनावराच्या गळ्यात लोढणं घालतात, पण रुळाजवळच्या वाडीत ते घालू नका. लोढणं रुळात किंवा खडीत अडकलं तर जनावर जागेवरच राहतं.

जनावर आत्ता रुळावर असेल तर

रुळावर धावू नका. मागून हाकललेलं जनावर रुळारुळानेच पळतं. बाजूला, रुळापासून दूर उभं राहून, त्याला ज्या दिशेला बाहेर काढायचं त्याच्या विरुद्ध अंगाने आवाज करा. एकाने फक्त गाडीकडे लक्ष ठेवायचं, दुसरं काही करायचं नाही. त्याच वेळी जवळच्या स्टेशनला किंवा १३९ ला फोन करा आणि विजेच्या खांबावरचा आकडा सांगा. वरचा किलोमीटर, खालचा खांबाचा क्रमांक. ‘देवळाच्या मागे’ असं सांगून नियंत्रण कक्षाला जागा कळत नाही. गाडी समोर येतच असेल तर रुळाबाहेर उभं राहून दिवसा दोन्ही हात डोक्यावर सरळ उंच धरा किंवा लाल फडकं दाखवा, रात्री बॅटरी जोराने आडवी हलवा. चालक त्याचा अर्थ धोका असाच घेतो.

लेखी काय द्यायचं

रोह्याच्या दक्षिणेला मार्ग कोकण रेल्वेचा, उत्तरेला मध्य रेल्वेचा. अर्ज चुकीच्या दारात पडू नये. कोकण रेल्वेची विभागीय कार्यालयं रत्नागिरी आणि कारवारला आहेत. तुमच्या टप्प्याच्या पी-वे (रुळांची देखभाल करणाऱ्या) कार्यालयातल्या सेक्शन इंजिनिअरला अर्ज द्या आणि एक प्रत रेल्वे सुरक्षा दलाला. ‘गुरांचा त्रास होतो, कुंपण घालून द्या’ एवढ्या अर्जावर काही होत नाही. कुठल्या खांबापासून कुठल्या खांबापर्यंत, कुठल्या बाजूला, सम पातळीचा तुकडा किती लांब, गुरं किती वाजता येतात, कुठून कुठे जातात, जवळचा अंडरपास कोणता आणि त्यात पाणी कुठवर येतं, हे लिहा. फोटो कुंपणाबाहेरूनच काढा. सोबत ग्रामसभेचा ठराव जोडा, ज्यात वाडीने स्वतः काय करायचं मान्य केलं आहे तेही असेल: राखणदाराची पाळी, सड्यावर रोजगार हमीतून पाणवठा, बाहेरच्या वाटेची साफसफाई. माझा अनुभव असा की सगळ्यात जास्त फरक या पाणवठ्याने पडतो. रुळाच्या अलीकडे, गुरांच्या रोजच्या वाटेवर, मार्गशीर्षापासून पाणी राहील अशी साधी टाकी असेल तर निम्मी गुरं कुंपणापर्यंत येतच नाहीत. टाकी भरायची पाळी मात्र नावानिशी ठरवून घ्या आणि कापणी संपायच्या आत ती कोरडी नाही ना, हे बघून या.